आग तंबूत, बंब डिकीत

कॅम्पिंगला निघालेल्या मराठी मंडळींच्या सामानाची यादी एकदा नीट वाचून पाहावी. आग लावण्याची तयारी त्यात एखाद्या लष्करी मोहिमेला लाजवील अशी असते. दोन लायटर, ते दगा देतील म्हणून काडेपेटी, ती सादळेल म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली दुसरी काडेपेटी, कापराच्या वड्या, रॉकेल मिळेनासं झाल्यापासून बाटलीभर डिझेल, कोळशाचं पोतं, घरून आणलेल्या शेण्या, फुंकणी, आणि फुंकणीवर विश्वास नसलेल्या कुणा इंजिनिअरने आणलेला बॅटरीवरचा पंखा. आग विझवण्याची तयारी विचाराल तर पाण्याचे तीन जार. एक पिण्याचा, एक रश्शाचा, आणि तिसरा ज्या कामासाठी राखून ठेवलेला असतो त्याचा आगीशी संबंध घशापुरताच. अग्निशामक नळकांडं यादीत बहुधा नसतंच. असलं तर ते कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या मागे, चटया, तंबूच्या पिशव्या आणि कांद्याच्या पोत्याखाली सुखरूप असतं. सगळा कॅम्प जळाला तरी ही एक वस्तू वाचेल अशी ती व्यवस्था! ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण पाडणाऱ्याला डिकी ठाऊक नव्हती, नाहीतर त्याला एवढ्या लांबच्या तीर्थयात्रेची गरज पडली नसती. माझं म्हणणं एवढंच की, कॅम्पात नळकांडं आहे की नाही हा अर्धाच प्रश्न. ते चुलीपासून किती पावलांवर आहे हे विचारलं म्हणजे तो पुरा होतो. आणि हे म्हणणं मांडायला विट्याइतकं योग्य गाव दुसरं नसावं.

विटा हे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं ठाणं. बाहेरच्यांना ते यंत्रमागांमुळे ठाऊक असतं, पण खानापूर-आटपाडी भागाची खरी ख्याती गलाईची. दुष्काळाने गाव सोडायला लावलेली इथली माणसं काश्मीरपासून केरळपर्यंतच्या सराफ पेठांत जाऊन बसली आणि दुसऱ्यांचं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देऊ लागली. चांदी वितळते ९६२ अंश सेल्सिअसला, सोनं १०६४ ला. म्हणजे या भागातल्या कितीतरी घरांतला कुणी मामा, कुणी चुलता रोज सकाळी आंघोळ करून, उदबत्ती लावून हजार अंशांच्या आगीसमोर हातभर अंतरावर बसतो, आणि त्याला कुणी शूर म्हणत नाही. म्हणायचं कारणही नाही. मूस भट्टीत, चिमटा हाताशी, टाकणखार बाजूला, ओतायचा साचा समोर, अशी त्याची मांडणी असते. लालबुंद मूस चिमट्यात धरल्यावर ‘अरे, साचा कुठं ठेवलाय?’ असं विचारण्याची सोय त्या धंद्यात नाही. विचारलंच, तर उत्तर येईपर्यंत गिऱ्हाइकाचं सोनं फरशीवर आणि गिऱ्हाईक अंगावर. आगीपाशी बसल्यावर लागेल ती वस्तू उठून आणावी लागता कामा नये, हा नियम विट्याच्या माणसाला शिकवावा लागत नाही. मात्र हाच माणूस जत्रेला गावी येतो, चार मित्र जमवून रेणावीच्या डोंगराकडे किंवा टेंभू योजनेच्या पाण्याने हिरव्या झालेल्या कुणाच्या रानात तंबू ठोकतो, आणि नियम सराफ पेठेतच ठेवून येतो. भट्टीची आग ती आग. मटणाखालची म्हणजे नुसता जाळ, असं काहीसं त्याच्या मनात असावं. आगीला मात्र हा भेदभाव कळत नाही. ती सोन्याखालीही तितक्याच निष्ठेने जळते आणि सुक्क्याखालीही.

याला एकट्या विट्याला दोष देण्यात अर्थ नाही. आग विझवण्याचं साधन हे वापरण्यासाठी नसून दाखवण्यासाठी असतं, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे, आणि तो आपल्याला लहानपणापासून डोळ्यांनी शिकवला गेला आहे. पेट्रोल पंपावर वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात. त्यांचं बूड मुद्दाम गोल किंवा निमुळतं केलेलं असतं, म्हणजे ती बादली जमिनीवर उभी राहत नाही आणि कुणाच्या बाथरूमपर्यंतही पोचत नाही. हे डिझाइन करणाऱ्याला माणूस कळला होता. तरी त्याचं एक गणित चुकलं. बादली नेता येत नसली तरी तिच्यात टाकता येतं. त्यामुळे त्या वाळूने आजवर विझवलेल्या आगींमध्ये विडीच्या थोटकांची संख्या सर्वाधिक असणार. कचेऱ्यांतली तऱ्हा वेगळी. तिथे नळकांडं भिंतीवर असतं आणि त्याच्यापुढे जुन्या फायलींचं कपाट असतं. म्हणजे जे जळायचं ते आणि ज्याने विझवायचं ते एकत्र नांदतात, फक्त पुढे कोण उभं राहणार एवढ्याचीच अदलाबदल झालेली असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत आहे असं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. कायदा चांगलाच आहे. पण त्याचा आपण घेतलेला अर्थ असा की, नळकांडं हे जानेवारी आणि जुलैचं दैवत आहे. मधल्या काळात त्याच्याकडे पाहायचं नसतं. आता तंबूला भिंत नाही, जानेवारी नाही, जुलै नाही, तपासणीला येणारा साहेब नाही. मग दाखवायचं कुणाला? जे दाखवायला कुणी नाही ते न्यायचं कशाला, हा निष्कर्ष तर्काला धरूनच आहे.

तर्कात गफलत आहे ती सेकंदांची. कॅम्पसाठी परवडणारं आणि पेलणारं दोन किलो एबीसी पावडरीचं नळकांडं दाबलं की आठ-दहा सेकंदांत रिकामं होतं. पावडर जाते दोन-तीन मीटर. एवढंच त्याचं आयुष्य आणि एवढाच त्याचा पल्ला. म्हणजे ज्या आगीला ते पुरे पडतं ती आग अगदी कोवळी असावी लागते. तंबूच्या कोपऱ्याला नुकतीच लागलेली, गवतात हातभर सरकलेली, स्टोव्हच्या नळीशी भडकलेली. आता डिकीचा हिशेब मांडू. गाडी उभी असते लांब, कारण धूर लागून पांढरा रंग खराब होतो. किल्ली ज्याच्याकडे असते तो बर्फ आणायला गेलेला असतो, दुसऱ्याच्या गाडीने. तो आला, डिकी उघडली, कांदे बाजूला झाले, नळकांडं हाती लागलं, तर पुढचा प्रश्न ते चालवायचं कसं. सूचना अंगावर बारीक इंग्रजीत छापलेल्या असतात आणि उजेडाला आगच असते. मूठ आवळून चारजण थकल्यावर पाचव्याला मुठीखालची पिन दिसते. ती काढली, तर ज्याने धरलंय तो वाऱ्याच्या समोर उभा असतो आणि सगळी पावडर त्याच्या मिशांवर परत येते; उरलेली तो ज्वाळांच्या शेंड्यावर मारतो, कारण आग वर दिसते म्हणून ती वरच असणार असं त्याला वाटतं. आग बुडाशी असते. पावडर तिथे मारायची, वारा पाठीवर घेऊन, आडवी फिरवत. हे सगळं सांगायला मला एक वाक्य लागलं; पण ते वाक्य तंबू ठोकताना सांगितलेलं असलं तरच उपयोगाचं. १७२३ साली लंडनमध्ये अँब्रोझ गॉडफ्रे नावाच्या रसायनज्ञाने आग विझवणारं एक पिंप काढलं होतं. आत विझवणारा द्रव, त्यात बंदुकीच्या दारूचा डबा, डब्याला वात. वात पेटली की दारू उडायची आणि द्रव चहूकडे फेकला जायचा. आपलं डिकीतलं नळकांडंही आग त्याच्यापर्यंत चालत जाईपर्यंत कामाला येत नाही, हे पाहता आपण तीनशे वर्षांत फार पुढे आलो आहोत असं वाटत नाही.

इथे कुणीतरी मिशीला पीळ देऊन म्हणणारच, ‘आमचा आजा उभा जन्म रानात शेकोट्या करत आला, हुरडा भाजत आला, त्याच्याकडं कुठं होतं तुमचं नळकांडं?’ आक्षेप वजनदार आहे, आणि मला तो मान्य आहे, फक्त आजोबांची पूर्ण हकिगत सांगितली तर. आजोबा हुरडा भाजायचे ते आगटीत, म्हणजे जमिनीत खणलेल्या खड्ड्यात. आगीला चारी बाजूंनी माती आणि वर आभाळ. ज्वाळा जवळजवळ नाहीतच, शेण्यांचा निखारा. अंगावर घोंगडी, आणि घोंगडी ही लोकरीची. लोकर सहजी पेट घेत नाही. पेटलीच तर धुमसते, करपते, बाजूला केलं की विझते. आटपाडी, माण, जत या पट्ट्यातल्या धनगरांनी विणलेली ही घोंगडी म्हणजे, शहरात ‘फायर ब्लँकेट’ म्हणून लाल पिशवीत घालून विकतात त्या वस्तूची थोरली बहीण. पाण्यात भिजवून ती अंगावर टाकली की पेटलेल्या माणसाचीही आग दबते. शिवाय आजोबा शुद्धीवर असत. हा तपशील नातू नेहमी गाळतो. नातू झोपतो नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या तंबूत. ही कापडं सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास वितळतात आणि थेंब थेंब अंगावर गळतात. तंबूला दार एक, त्याला चेन, आणि चेन अडकते. स्लीपिंग बॅगला दुसरी चेन. आजोबांचा आधार घ्यायचा असेल तर आगटी, घोंगडी आणि शुद्ध, तिन्ही घ्यावं लागेल. नुसता जाळ उचलून वारसा सांगता येत नाही. आणि आजोबांच्या काळी सगळं क्षेमकुशल होतं असंही नाही. कडब्याच्या गंज्या तेव्हाही पेटत होत्या, आणि एकदा पेटलेली गंजी विझवण्याऐवजी शेजारची वाचवायची, हे शहाणपण गावाला उगीच आलेलं नव्हतं.

आजोबांबरोबर आजीचाही दाखला काढायला हवा, कारण इथे तर आपण उघडउघड उलटा धडा घेतला आहे. सकाळी उठून निघताना कॅम्पवाले शेकोटीवर चार लाथा माती लोटतात आणि ‘विझली’ असं जाहीर करतात. आजी रात्री हेच करायची, फरक इतकाच की तिला विस्तव जिवंत ठेवायचा असायचा. निखारे राखेखाली झाकले की हवा बेताची मिळते, ऊब आत कोंडते आणि पहाटे फुंकर मारली की चूल तयार. काडी वाचायची. शेजारीण विस्तव मागायला आली तर तिलाही एक निखारा निघायचा. म्हणजे विस्तव टिकवण्याची जी रीत पिढ्यान् पिढ्या खात्रीने चालत आली, तीच आपण विझवण्याची म्हणून वापरतो आणि वर गाडीत बसून निर्धास्तपणे गाणी लावतो. दुपारी वारा सुटतो, माती उडते, बाकीचं काम आजीच्या पद्धतीने पार पडतं. खात्रीचा उपाय फार कंटाळवाणा आहे. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेजवळ हाताची पालथी बाजू नेऊन पाहा. हात नेववत नसेल तर आग विझलेली नाही, मग ती कितीही शहाण्यासारखी दिसत असो.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे, आणि तो आचाऱ्याकडून येतो. पावडर मारली की आग विझेल, पण पाच किलो मटणाचं काय? हे अगदी खरं. मोनो-अमोनियम फॉस्फेटची पिवळसर पावडर तांबड्या रश्शात गेल्यावर तो तांबडाही राहत नाही आणि पांढऱ्यातही धरता येत नाही. शिवाय तेलाच्या कढईवर जवळून फवारा बसला तर उकळतं तेलच उडतं. म्हणून कढईतल्या आगीला पहिलं उत्तर नळकांडं नव्हे, परात. कढई झाकायची, खालचा जाळ ओढून घ्यायचा, झाकण उघडून ‘गेली का?’ असं पाहायचं नाही. पाणी तर मुळीच नाही. तेलाखाली गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती वाफ मूळ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते, आणि ती जागा तिला तुमच्या तोंडाच्या दिशेने मिळते. गॅसची गोष्ट आणखी निराळी. हल्ली चूल पेटत नाही म्हणून गुपचूप पाच किलोचा छोटू सिलिंडर नेतात आणि फोटोत तेवढा वगळून ‘चुलीवरचं मटण’ असं खाली लिहितात. त्याची नळी पेटली तर आधी व्हॉल्व्ह बंद करायचा. नुसती ज्वाळा विझवली आणि गॅस चालू राहिला तर तो हवेहून जड असल्यामुळे खाली साचतो, बिनआवाज सरपटत तंबूत शिरतो आणि पुढच्या ठिणगीची वाट पाहतो. आणि थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी तंबूत घेणाऱ्यांसाठी बाजारात कुठलंच नळकांडं मिळत नाही. तिथे आग लागत नाही, कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो झोपलेल्याला उठवत नाही. तेव्हा आचाऱ्याचा आक्षेप नळकांड्याच्या विरोधात जात नाही. तो म्हणतो, परातही हाताशी ठेवा, पाण्याची बादलीही, ओलं पोतंही. मी तरी याहून वेगळं काय म्हणतोय?

जागा निवडण्यातही आपली एक खास परंपरा आहे. पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं वारा मोजून, भरपूर पैसा ओतून ठरवलं की सातारा-सांगलीत चाळकेवाडी, वनकुसवडे, ढालगाव ही पठारं वाऱ्याची. आपण त्याच पठारांकडे बोट दाखवून म्हणतो, ‘काय मस्त हवा आहे, इथंच करू शेकोटी.’ मार्गशीर्षापासून तिथलं गवत वाळून कोळ झालेलं असतं. ठिणगीला एवढं आगतस्वागत लग्नातल्या व्याह्यालाही मिळत नाही. आणि तिथे एकदा वणवा धावला की माझ्या या लाडक्या नळकांड्याची किंमत शून्य. हे कबूल केलंच पाहिजे. २०१८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक ट्रेकर गेले. तिथे कुणाच्या पाठीवर दहा नळकांडी असती तरी उपयोग नव्हता. वणव्यापुढून पळायचं असतं. नळकांड्याचं काम त्याआधी संपतं, वणवा अजून चटईएवढा असतो तेव्हा. म्हणून तर पावलांचा हिशेब.

कायद्याला याची कल्पना आहे. राखीव वनात आग लावणं किंवा ती धोकादायक रीतीने जळती सोडणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे; अभयारण्यात तशी आग पेटवायला १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाचं कलम ३० मनाई करतं. विट्याच्या माणसाला हे सांगायला लांब जायला नको. शेजारचं सागरेश्वर अभयारण्य सगळं मिळून १०.८७ चौरस किलोमीटर. धों. म. मोहित्यांसारख्यांच्या ध्यासातून उघड्याबोडक्या डोंगरावर झाड-झाड लावून उभं केलेलं. जे जंगल माणसांनी ओंजळीने पाणी घालून वाढवलं ते एका पार्टीने परत डोंगर करून ठेवणं, याला शौर्य म्हणवत नाही. ‘कोण बघतंय’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक बातमी. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून आगी टिपतं आणि वन कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर इशारा धाडतं. त्यातल्या एका संवेदकाचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो. म्हणजे अवकाशातून आठशे किलोमीटरवरून दिसेल एवढी आग होईपर्यंत, चार फुटांवर पत्ते खेळत बसलेल्या सहाजणांना ती दिसलेली नसते.

उरला तो वजनाचा आणि सवयीचा मुद्दा. दोन किलोचं नळकांडं लोखंडासकट साडेतीन-चार किलो भरतं. मटणापेक्षा कमी, आणि पोर्टेबल स्पीकरपेक्षा बरंच कमी आवाजाचं. सवयीबद्दल म्हणाल, तर ‘आपल्या लोकांना शिस्त लागत नाही’ हे वाक्य निदान विट्यात तरी कुणी म्हणू नये. स्वच्छ सर्वेक्षण २०२१ मध्ये एक लाखाच्या आतल्या शहरांत विटा देशात पहिलं आलं होतं. ज्या गावाने घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा करायला लावला त्याला पेटतं आणि विझवतं जवळजवळ ठेवायला लावणं काही जड नाही. अडचण असेल तर मनुष्यबळाची, आणि तीही वाटते तितकी नाही. प्रत्येक कॅम्पात एक मेहुणा असा असतोच की, त्याला कांदा चिरता येत नाही, तंबू ठोकता येत नाही, जाळ लावता येत नाही, आणि तो प्रत्येकाच्या मागे उभा राहून ‘असं नाही, असं’ म्हणत असतो. त्याला बंबवाला नेमावं. चुलीपासून पाच-सहा पावलांवर, वाऱ्याकडे पाठ करून, खुर्ची टाकून बसवावं. उजव्या हाताला नळकांडं, डाव्या हाताला भरलेली बादली, मांडीवर घोंगडी. काटा हिरव्यात आहे ना, पिन कुठली, हे त्याला उजेडी दाखवून ठेवावं. त्या तिसऱ्या जारापासून त्याने लांब राहायचं, आणि सकाळी राखेजवळ पालथा हात नेण्याचा मानही त्याचाच. एवढ्या बदल्यात रश्शाची पहिली वाटी त्याला द्यायला कुणाची हरकत नसावी. वाटी मात्र खुर्चीपर्यंत नेऊन द्यावी. वाढून घ्यायला त्याला उठवू नये.